पहारेकऱ्याच्या पूर्वचारित्र्याचा तिढा

झाशीहून कानपूरच्या दिशेने निघाले की चिरगावनंतर मोठ हे तहसिलीचे गाव लागते. राजधानीतील मराठी वाचकांच्या कानावर हे नाव क्वचितच पडले असेल. मराठ्यांच्या इतिहासाशी मात्र त्याचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास राजेंद्रगिरी गोसावी याने मोठमध्ये ठाण मांडून भोवतालची गावे आपल्या अमलाखाली आणली होती. झाशीचे मराठी सुभेदार नारो शंकर, म्हणजे नाशिकच्या घंटेमुळे ज्यांचे नाव आजही महाराष्ट्रात घेतले जाते तेच, यांनी त्याला तेथून हुसकावून लावले. राजेंद्रगिरी अयोध्येच्या सफदरजंगाच्या चाकरीत गेला आणि १७५३ मध्ये दिल्लीतील यादवीत त्याच्या बाजूने लढताना पडला. त्याचे चेले उमरावगिरी आणि अनूपगिरी यांनी पुढे पाव शतकाहून अधिक काळ भाड्याच्या फौजेचा व्यवसाय केला. अयोध्येचा नवाब, मिर्झा नजफखान, महादजी शिंदे, बांद्याचा अलीबहादर आणि अखेरीस १८०३ मध्ये इंग्रज कंपनी, अशा सर्वांना या गोसाव्यांची तलवार कधी ना कधी उपयोगी पडली. मोठची गावे बळकावणाऱ्या या मंडळींकडे पूर्वचारित्र्याचा दाखला कोणत्याही धन्याने मागितला नाही. फौज किती आणि तिचा दर काय, एवढेच दोन प्रश्न विचारले जात.

आज त्याच परिसरातून माणसे निघतात ती दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, सुरत, मुंबई अशा शहरांकडे. पावसाने दगा दिला की बुंदेलखंडाची शेती माणसाला धरून ठेवू शकत नाही, आणि शहरात विनाभांडवल मिळणाऱ्या कामांत बांधकामावरील मजुरीखालोखाल पहारेकऱ्याची नोकरी येते. ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्याला ‘गनमॅन’ म्हणून थोडा अधिक पगार मिळतो. देशात पोलिसांपेक्षा खासगी सुरक्षारक्षकांची संख्या जास्त आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. मंत्रालयांच्या इमारतींतही दारावरचा पहिला माणूस अनेकदा खासगी एजन्सीचाच असतो. तेव्हा या माणसाचा भूतकाळ कोण आणि कसा तपासतो, तसेच तपासात काही निघाले तर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न राजधानीत राहणाऱ्या आणि राज्यकारभार हाकणाऱ्या सर्वांच्या दाराशी येऊन ठेपतो.

हा व्यवसाय नियमाखाली आणणारा केंद्रीय कायदा २००५ चा आहे. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम असे त्याचे नाव. शिवराज पाटील केंद्रीय गृहमंत्री असताना तो संमत झाला आणि मार्च २००६ मध्ये अमलात आला. एजन्सीचे पेव फुटले आहे, त्या माणसे पारखून घेत नाहीत, काही ठिकाणी रखवालदारच गुन्ह्यात सापडत आहेत, गणवेश तर पोलीस-लष्कराशी मिळतेजुळते आहेत, अशी चिंता त्यामागे होती. ती रास्तच होती. कायद्याने प्रत्येक राज्यात नियंत्रक प्राधिकारी नेमला आणि परवान्याशिवाय एजन्सी चालविण्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. एका जिल्ह्यापुरता परवाना हवा असेल तर पाच हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजार आणि संपूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये शुल्क ठरले. नमुना नियमांनी प्रशिक्षणाचे तास ठरविले. १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, निदान कागदावर तरी.

आतापर्यंत तक्रारीला जागा नाही. अडचण सुरू होते ती गुन्हेगारी पूर्वचारित्र्याच्या कलमांपाशी. एजन्सीच्या मालकासाठी एक मोजपट्टी आहे आणि त्याच्याकडे नोकरीला राहणाऱ्या पहारेकऱ्यासाठी दुसरी. कलम ६ नुसार, ज्या गुन्ह्याला दोन वर्षांहून कमी नाही अशी कैद सांगितली आहे त्यात दोषी ठरलेल्यास परवाना मिळत नाही. कंपनीच्या व्यवहारातील लबाडी, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध, सरकारी सेवेतून गैरवर्तनाबद्दल बडतर्फी हीदेखील अपात्रतेची कारणे आहेत. म्हणजे मालकाच्या बाबतीत गुन्ह्याचे गांभीर्य पाहिले जाते. कलम १० च्या पोटकलम २ मध्ये मात्र पहारेकरी आणि पर्यवेक्षक यांच्याविषयी केवळ ‘सक्षम न्यायालयाने दोषी ठरविलेला’ असा उल्लेख आहे. गुन्हा कोणता, शिक्षा किती, त्याला किती वर्षे झाली, यांपैकी कशाचाही तेथे विचार नाही. क्षुल्लक गुन्ह्यात दोषी ठरलेला मनुष्य एजन्सी काढू शकतो, पण तिच्यात काठी घेऊन उभा राहू शकत नाही.

कायद्याची भाषा बारकाईने वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना येथे आणखी एक गंमत आढळेल. या पोटकलमात दोषसिद्धीचा उल्लेख आणि सेनादले, पोलीस, सरकारी सेवा किंवा खासगी एजन्सी यांमधील ‘सेवेत असताना’ झालेल्या बडतर्फीचा उल्लेख एकाच लांबलचक वाक्यात गुंफले आहेत. ‘सेवेत असताना’ हे शब्द केवळ बडतर्फीला लागू आहेत की दोषसिद्धीलाही, हे व्याकरणावरून निःसंदिग्ध होत नाही. एजन्सीचे व्यवस्थापक अर्थातच व्याकरणाच्या वाटेला जात नाहीत. दोषसिद्धी दिसली की अर्ज बाजूला ठेवणे त्यांना सोयीचे आणि सुरक्षित वाटते.

आता याच देशातील इतर कायद्यांकडे पाहावे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि तो निष्कारण उदार असल्याचा आरोप कोणी करणार नाही. त्याच्या कलम ९ अन्वये हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद भोगलेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. पाच वर्षांनंतर परवाना मिळेलच असे नव्हे, पण अर्जाचे दार उघडते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा उमेदवार होऊ शकतो. नुसते खटले प्रलंबित असतील तर त्याला अडचणच नाही. २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ सदस्यांनी आपल्यावरील फौजदारी प्रकरणांची माहिती प्रतिज्ञापत्रात दिली होती, असे ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ने मांडले. तेव्हा शिक्षा भोगून आलेला मनुष्य पाच वर्षांनी बंदुकीचा परवाना मागू शकतो आणि सहा वर्षांनी संसदेचे सदस्यत्वही. त्या संसदसदस्याच्या निवासस्थानाबाहेर खासगी पहारेकरी म्हणून उभे राहणे मात्र त्याला आयुष्यात कधीच शक्य नाही.

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर विधी महाविद्यालयांच्या परिसंवादावर सोपवून देता आला असता. मोठसारख्या तहसिलीत त्याला फार व्यावहारिक रूप येते. ग्रामीण भागातील फौजदारी प्रकरणांत भाऊबंदकीतील मारहाण, जुगार, हातभट्टीची दारू, मोटार वाहन कायद्याचे खटले यांची संख्या मोठी असते. तारखा चालत राहतात, वकिलाची फी आणि बसभाडे खर्च होत राहते, आणि एके दिवशी गुन्हा कबूल करून दोन-चारशे रुपये दंड भरला की सुटका होते. लोक अदालतीत अशा प्रकरणांचा झपाट्याने निकाल लागतो आणि निकालांची संख्या अभिमानाने प्रसिद्धही होते. सही करणाऱ्या माणसाला वाटते, एक कटकट मिटली. प्रत्यक्षात त्याने दोषसिद्धीवर सही केलेली असते. परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम १२ चा आधार घेतला असता, म्हणजे न्यायालयाने त्याला दंडाऐवजी समज देऊन वा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले असते, तर त्या दोषसिद्धीतून कोणतीही अपात्रता उद्भवली नसती. पण ही वाट दाखविणारा वकील त्याला परवडत नाही आणि दंड भरणारा आरोपी न्यायालयाचाही वेळ वाचवतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या विसंगतीत भरच घातली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीत माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा, अशी सुधारणावादी तरतूद तीत आहे. तिचा उद्देश मनुष्याला तुरुंगापासून आणि तुरुंगाच्या संगतीपासून वाचविणे हा होय. तथापि समाजसेवेची शिक्षा ही शिक्षाच, आणि तिच्यामागे दोषसिद्धी असतेच. एक कायदा ज्याला परत समाजात पाठवू पाहतो त्याच्यासाठी दुसऱ्या कायद्याने एक मोठा रोजगार बंद करून ठेवला आहे. राजधानीतील तिहार कारागृहाने २०११ पासून शिक्षा संपत आलेल्या कैद्यांसाठी कंपन्यांच्या मुलाखती भरविल्या, त्याचे सर्वत्र कौतुक झाले. त्या मुलाखतींतून सुरक्षारक्षकाची नोकरी कायदेशीररीत्या कोणालाच देता येत नव्हती, ही बाब कौतुकात मागे पडली.

दुसरी बाजू पडताळणीची. नियमांप्रमाणे एजन्सीने स्वतः चौकशी करावी, उमेदवाराकडील आधीचा दाखला पाहावा, किंवा पोलिसांचा अहवाल घ्यावा. पोलिसांनी अहवाल ९० दिवसांत द्यावा आणि तो तीन वर्षे ग्राह्य धरावा, असे २००६ च्या नमुना नियमांत होते. नोएडातील एजन्सीचा अर्ज झाशीच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांकडे जातो, तेथून मोठच्या ठाण्यात, ठाण्यातून हलक्यातील शिपायाकडे. शिपाई गावात जातो किंवा प्रधानाला फोन करतो. नव्वद दिवस माणसाला बिनपगारी बसविणारी एजन्सी या देशात नाही. तो पहिल्या आठवड्यातच दारावर उभा राहतो, अहवाल मागाहून येतो, आणि प्रतिकूल असला तर तोवर त्याने नोकरीही बदललेली असते.

शिवाय मोठची सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे. दतियाच्या हद्दीत नोंदलेला गुन्हा मोठच्या नोंदवहीत असेलच असे नाही. गुन्हे आणि गुन्हेगारांची देशव्यापी संगणकीय जोडणी, म्हणजे सीसीटीएनएस, याच कारणासाठी उभारली गेली आणि २०२० च्या नव्या नमुना नियमांनी पडताळणीसाठी तिचा वापर अपेक्षिला. ही प्रगती निश्चितच आहे. परंतु संगणक गुन्हा नोंदल्याचे जितक्या तत्परतेने सांगतो तितक्या तत्परतेने निर्दोष सुटल्याचे सांगत नाही, अशी पडताळणीच्या टेबलावर बसणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. उत्तर प्रदेशात तर दोषसिद्धीवाचूनही माणसावर शिक्का बसण्याच्या अनेक वाटा आहेत. ठाण्यात उघडलेली हिस्ट्रीशीट, १९७० च्या गुंडा नियंत्रण कायद्याखालील तडीपारी, १९८६ च्या गँगस्टर कायद्याखालील कारवाई या त्यांपैकी ठळक. कलम १० मध्ये यांचा नामनिर्देश नाही. परंतु चारित्र्याबाबत एजन्सीचे ‘समाधान’ व्हावे, अशी जी लवचीक अट आहे तिच्यात हे सारे मावते.

काही जमातींच्या वाट्याला हा शिक्का जन्मतःच येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना गुन्हेगार ठरविले त्यांची मुक्तता १९५२ मध्ये झाली, पण ठाण्यांच्या सवयी तेवढ्या लवकर बदलत नाहीत. झाशी जिल्ह्यातील खिल्ली गावात वाढलेल्या मैत्रेयी पुष्पा यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अल्मा कबूतरी’ या कादंबरीचा विषयच बुंदेलखंडातील कबूतरा जमात हा निवडला. महाराष्ट्राला हे वास्तव परके नाही. गावची आणि गडांची राखण हे रामोश्यांचे वतनी काम. ते काम आणि त्यावरचे हक्क गेल्यावर उमाजी नाईकांनी बंड केले आणि १८३२ मध्ये पुण्यात ते फासावर गेले. पुढे त्याच पुण्यात साहेब लोक बंगल्याच्या राखणीस रामोशीच ठेवीत. ज्याच्यावर संशय त्यालाच राखणीचा पगार, असा तो उघड हिशेब होता. आजचा कायदा त्या हिशेबाच्या नेमका उलट टोकाला जाऊन बसला आहे.

तरीही ही बंदी कठोर असल्यामुळे परिणामकारक असेल, अशी समजूत होऊ शकते. तीही टिकत नाही. हा कायदा एजन्सीचे नियमन करतो, पहारेकऱ्याचे नव्हे. एजन्सीने अमुक माणसाला नेमू नये, एवढेच तो सांगतो. गृहनिर्माण सोसायटीने, फार्महाऊसच्या मालकाने, नाइट क्लबने किंवा वाळूच्या ठेकेदाराने थेट पगारावर माणूस ठेवला तर कलम १० तेथे पोहोचत नाही. परिणामी एजन्सीने नाकारलेला मनुष्य गावी परतत नाही. तो दोन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीत ‘चौकीदार’ म्हणून कमी पगारावर राहतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, प्रशिक्षण नाही, नोंदवहीत नाव नाही, छायाचित्राचे ओळखपत्र नाही. ज्याच्यावर सर्वाधिक लक्ष हवे होते त्यालाच कायद्याने नजरेआड केले आहे. वाळूघाटांवर आणि जमिनीच्या वादांत ज्यांची खरी दहशत असते ते बंदूकधारी तर एजन्सीच्या गणवेशात कधी नव्हतेच.

महाराष्ट्राने या व्यवसायाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी केंद्राच्या बरीच आधी दाखविली होती. माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण करणारा कायदा राज्याने केला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षारक्षक मंडळ स्थापन झाले. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, वेतन मंडळामार्फत, निधी आणि बोनसही मंडळाकडून. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी भरपूर आहेत. सूट मिळविलेल्या एजन्सींची यादीही लहान नाही. पण राज्याच्या कायद्याने रक्षकाला कामगार मानले. केंद्राच्या कायद्यात वेतन व कल्याणाचे प्रकरणच नाही. वेतनाचा उल्लेख येतो तो एजन्सीने ठेवावयाच्या नोंदवहीतील एक रकाना म्हणून. नोंदीत रक्षक एका आस्थापनेतून दुसऱ्या आस्थापनेत गेला तरी त्याची ओळख मंडळाकडे कायम राहते. पूर्वचारित्र्याची तपासणी अर्थपूर्ण होण्यासाठी नेमकी हीच गोष्ट आवश्यक असते.

येथे भाबडेपणाला जागा नाही, हेही तितकेच खरे. ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या एका इमारतीत तरुण वकील महिलेचा तेथील पहारेकऱ्यानेच खून केला. सुशीलकुमार शिंदे यांना केंद्रीय गृहमंत्रिपदाची सूत्रे घेऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. २०१४ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. २०१६ मध्ये पॅरोलवर सुटून तो फरार झाला आणि २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा पकडला गेला. अशा माणसाला पुन्हा कधीही कोणाच्या घराच्या किल्ल्या सोपवू नयेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ज्या घरात वृद्ध एकटे राहतात, ज्या वसतिगृहात मुली राहतात, तेथील लोकांनी पहारेकऱ्याचा पूर्वेतिहास मागणे हा संशयीपणा नव्हे. पण हे मान्य करूनही जुगाराचा दंड आणि खून यांना एकाच वाक्यात कोंबण्याचे समर्थन होत नाही. उलट सर्व दोषसिद्धी समान मानल्या की पडताळणीच्या टेबलावरील माणूस गंभीर आणि क्षुल्लक यांत भेद करण्याची सवयच गमावतो.

ब्रिटनने २००१ मध्ये केलेल्या कायद्याने वेगळा मार्ग धरला. तेथे परवाना प्रत्यक्ष काम करणाऱ्याला घ्यावा लागतो. नाइट क्लबच्या दारावरील रखवालदारालाही, म्हणजे आपल्याकडील बाउन्सरलाही. कंपनीची मान्यता मात्र ऐच्छिक आहे. २००३ मध्ये स्थापन झालेले सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी अर्जदाराचा गुन्हा किती गंभीर, शिक्षा कोणती आणि ती संपून किती काळ लोटला, यांचा मेळ घालून निर्णय देते. निकष छापलेले असतात. अर्ज करण्यापूर्वीच माणसाला आपले काय होईल याचा अंदाज येतो. ही व्यवस्थाही निर्दोष नाही. ज्यांना ब्रिटनमध्ये काम करण्याचाच अधिकार नव्हता अशा हजारो लोकांना परवाने दिले गेल्याचे २००७ मध्ये उघड झाले आणि तेथील गृहमंत्र्यांना संसदेत उत्तरे द्यावी लागली. मात्र चूक सापडली ती परवाना व्यक्तीच्या नावावर होता म्हणूनच. आपल्याकडे एखाद्या अपात्र माणसाने पाच वर्षांत किती दारांवर पहारा दिला, हे शोधायचे म्हटले तर पाच एजन्सींच्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागतील, आणि त्यांपैकी किती जागेवर असतील हे त्या एजन्सीच जाणोत.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नावर विचार केला नाही असे नव्हे, पण तो सरकारी नोकरीच्या संदर्भात. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने जुने, तडजोडीने मिटलेले मारहाणीचे प्रकरण अर्जात सांगितले नव्हते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय देताना तरुण वयातील चुकांकडे उदारपणे पाहावे असे म्हटले आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, पाव चोरल्याबद्दल आयुष्यभर शिक्का वागवणाऱ्या नायकाचा दाखला दिला. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अशी प्रकरणे कशी हाताळावीत याची सूत्रे घालून दिली. क्षुल्लक गुन्ह्यातील दोषसिद्धी असेल, तर ती दडवल्याकडेही मालक कानाडोळा करू शकतो, असे त्यांत स्पष्ट आहे. याचा अर्थ असा की पोलीस आयुक्तांना जो विवेक वापरण्याची मुभा आहे ती खासगी एजन्सीच्या व्यवस्थापकाला नाही. त्याच्यासमोर कलम १० उभे आहे.

हे कलम मूळ अधिनियमात असल्यामुळे नियम बदलून त्यात सवलत देता येत नाही. राज्यांनी आपापले नियम केले, उत्तर प्रदेशाने २००९ मध्ये केले, केंद्राने २०२० मध्ये नमुना नियम नव्याने लिहिले, २०१९ मध्ये परवान्यांचे संकेतस्थळही सुरू झाले. पण हे सर्व बदल कार्यपद्धतीचे होते. गृहमंत्रालयाला खरोखरच काही करावयाचे असेल तर संसदेत दुरुस्ती विधेयक आणावे लागेल, आणि ते फार मोठे असण्याची गरज नाही. मालकासाठी असलेली गांभीर्याची अट रक्षकालाही लावणे, शस्त्र अधिनियमाप्रमाणे काळाची मर्यादा घालणे, लैंगिक अत्याचार, खून, दरोडा यांसारखे गुन्हे त्या मर्यादेतून वगळून कायमची बंदी राखणे, आणि थेट नेमलेल्या पहारेकऱ्यालाही नोंदणीच्या कक्षेत आणणे, एवढ्याने बराच गुंता सुटेल. यांपैकी शेवटचे काम राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड ठरेल. शिक्षा झालेल्यांना सवलत दिल्याची टीका एखादे सरकार सोसू शकेल. पण दिल्लीपासून मुंबईपर्यंतच्या हजारो सोसायट्यांना आपल्या चौकीदाराची नोंद करा, त्याला किमान वेतन द्या आणि प्रशिक्षणाला पाठवा असे सांगणे म्हणजे मध्यमवर्गीय मतदाराच्या मासिक देखभाल खर्चाला हात घालणे होय.